पाय घसरायच्या जागा: रोज ख्रिस्ताच्या मागे चालताना काय सांभाळायचं

पेत्राने प्रभूला नाकारलं ते मुख्य याजकाच्या अंगणात. पण लूकचा २२ वा अध्याय सावकाश वाचला तर दिसतं, त्याचा पाय त्याच्या कितीतरी आधी सरकत होता. आधी स्वतःबद्दलची खात्री, की तुरुंगात जाईन, मरेनसुद्धा. मग जागं राहायला सांगितलं असताना लागलेली झोप. मग दुरून मागे जाणं. मग परक्यांच्या विस्तवाशी जाऊन बसणं. दासीच्या तोंडावर ‘मी त्याला ओळखत नाही’ म्हणणं हे सगळ्यांत शेवटी आलं.

आपलंही असंच होतं. पाप घडतं त्या क्षणाशी झुंजायला आपण उभे राहतो आणि हरतो, कारण खरी लढाई दोन तास आधीच झालेली असते. म्हणून खाली दिलेलं बरंचसं त्या आधीच्या दोन तासांबद्दल आहे. उरलेलं पडल्यानंतरच्या एका दिवसाबद्दल आहे. त्या एका दिवसात हरवलेली माणसं पुढे कित्येक वर्षं मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, दिसत नाहीत.

आधी चौदा दिवसांची वही

एक साधी शंभर पानी वही घ्या. चौदा दिवस नवे संकल्प करू नका, फक्त लिहा. पापाला मोकळीक द्या असा याचा अर्थ नाही. रोग ओळखल्याशिवाय औषध घ्यायचं नाही, एवढाच. जिथे जिथे जीभ, डोळे, हात किंवा मन घसरलं तिथे चार गोष्टी नोंदवा: वार आणि वेळ, जागा, त्याआधीच्या दोन तासांत काय घडलं, आणि अंगाची स्थिती, म्हणजे भूक, झोप, दुखणं. नोंद अशी दिसते:

‘मंगळवार, रात्री ११.४०. पलंगावर, हातात फोन. संध्याकाळी साहेबांनी सगळ्यांदेखत झापलं, घरी कोणाला बोललो नाही. वाकडला पाऊण तास अडकलो. जेवण साडेदहाला.’

किंवा: ‘रविवार, दुपारी २. स्वयंपाकघर. उपासनेहून आल्या आल्या दहा जणांचा स्वयंपाक. सकाळपासून पोटात फक्त चहा. मदतीला कोणी उठलं नाही. मुलावर हात उचलला.’

पाप कोणतं ते एका अक्षराच्या खुणेने लिहा. वही कोणाच्या हाती लागेल ही धास्ती असली की माणूस वहीतसुद्धा खोटं लिहितो.

चौदा दिवसांनी पानं उलटा. पंधरा-वीस नोंदी असल्या तरी वेळा आणि जागा दोन-तीनच निघतात. हे शोधणं अध्यात्माबाहेरचं नाही. सैतान प्रभूकडे आला तेव्हा चाळीस दिवसांच्या उपासानंतर त्याला भूक लागली होती, हे मत्तय मुद्दाम सांगतो. दावीद गच्चीवर फिरत होता तेव्हा त्याचं सैन्य रणांगणावर होतं आणि तो घरी रिकामा होता. एलीया झुडपाखाली मरण मागत होता तेव्हा देवाच्या दूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, मग पुन्हा उठवून खाऊ घातलं. तुमच्या वहीत ‘जेवण साडेदहाला’ सहा वेळा आलं असेल, तर ऑफिसच्या डब्याबरोबर संध्याकाळी सहाला खायला दोन पोळ्यांचा रोल नेणं हे त्या आठवड्यातलं तुमचं पहिलं आध्यात्मिक काम आहे.

सकाळची वीस मिनिटं

शांतसमय, म्हणजे रोजची वाचन-प्रार्थनेची वेळ, मोडतो तो आळसाने कमी आणि चुकीच्या मापाने जास्त. एक जानेवारीला ‘वर्षात अख्खं बायबल’ सुरू होतं. अध्याय ११८९, म्हणजे रोज सव्वातीन. उत्पत्तीचे ५० आणि निर्गमचे ४० उत्साहात जातात, आणि २८ जानेवारीच्या आसपास माणूस लेवीयच्या होमार्पणाशी येऊन थांबतो. एक दिवस चुकतो, दुसऱ्या दिवशी साडेसहा अध्याय डोक्यावर बसतात, तिसऱ्या दिवशी वही कपाटात जाते.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने नवा करार घ्यावा. अध्याय २६०. आठवड्याला पाच वाचले तर बरोबर ५२ आठवडे. शनिवार राहिलेलं भरून काढायला, रविवार मंडळीबरोबर ऐकायला. सुरुवात मार्कपासून करा. सोळाच अध्याय आहेत आणि गोष्ट भरभर पुढे सरकते. जुन्या वाचकांनी याला रोज एक स्तोत्र जोडावं. स्तोत्र ११९ मात्र १७६ वचनांचं आहे, त्याचे आठ-आठ वचनांचे बावीस तुकडे मूळ रचनेतच आहेत, तसेच घ्या.

वीस मिनिटांची वाटणी साधारण अशी ठेवा. पहिली दोन मिनिटं गप्प बसा. दहा मिनिटं वाचन, आणि ते मोठ्याने, निदान ओठ हलवून. मनातल्या मनात वाचताना डोळे धावतात आणि लक्ष दुधाच्या पिशवीकडे जातं. तीन मिनिटं एकच ओळ वहीत उतरवा आणि आज ती कुठे लागू करायची ते पुढे लिहा. ‘प्रेम करावे’ असं लिहू नका. ‘दुपारी आईला फोन करून दवाखान्याचं विचारायचं’ असं लिहा. उरलेली पाच मिनिटं प्रार्थना. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट वाचू नका. त्या दिवसाचाच अध्याय वाचा. रानात इस्राएल लोकांना देवाने दिलेला मान्ना रोजचा रोज गोळा करायचा होता, उद्यासाठी उरवून ठेवलेल्यात किडे पडले.

वाचन छापील पुस्तकातून करा. फोनवरच्या बायबलात वाईट काही नाही, पण ते उघडायला फोन हातात घ्यावा लागतो आणि रात्रीत आलेले चाळीस मेसेज आधी दिसतात. त्यात सात-आठ वचनांची चित्रं असतात, गुलाबाच्या फुलांसकट. ती पुढे पाठवली की काहीतरी केल्यासारखं वाटतं आणि वाचन राहून जातं. सकाळच्या वाचनाआधी व्हॉट्सॲप उघडायचं नाही, या एका नियमाने जेवढा फरक पडतो तेवढा दुसऱ्या कशाने क्वचितच पडतो.

भाषेचंही बघा. पुण्यात इंग्रजी माध्यमात शिकलेली आपली मुलं इंग्रजीत वाचतात आणि रडतात, चिडतात, देवाशी भांडतात मात्र मराठीत. मग वाचलेलं डोक्यात राहतं, खाली उतरत नाही. पंडिता रमाबाईंनी दौंडजवळच्या केडगावात बसून हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं, आणि १९२२ साली मृत्यू येईपर्यंत त्या त्याच कामात होत्या. साध्या बाईला समजेल अशी मराठी हवी, हा त्यांचा हट्ट होता. ज्या भाषेत तुम्ही स्वप्नात बोलता त्या भाषेत निदान स्तोत्रं तरी वाचा.

प्रवास वाया घालवू नका. पीसीएमसी ते स्वारगेट मेट्रोत किंवा हडपसरच्या बसमध्ये बसायला जागा मिळो न मिळो, एक वचन पाठ होतं. आठवड्याला एकच. चिठ्ठीवर लिहून मोबाइलच्या कव्हरमागे ठेवा. प्रभूने सैतानाला तिन्ही वेळा जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकातल्या वचनांनी उत्तर दिलं, आणि रानात त्याच्याजवळ गुंडाळी नव्हती. गाडी चालवणाऱ्यांनी पाठांतर करू नये, गीत म्हणावं. ना. वा. टिळकांची गीतं भजनाच्या चालीवर आहेत, हेल्मेटच्या आतसुद्धा गाता येतात.

घरचा राग

मंडळीत सौम्य असलेला माणूस दार उघडताच बदलतो. इफिसकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात पौल रागाला मुदत घालून देतो: सूर्य मावळायच्या आत. लगेच पुढे तो म्हणतो, सैतानाला वाव देऊ नका. रात्र ओलांडलेला राग म्हणजे उघडं ठेवलेलं दार.

दोन गोष्टी करून बघा. दिवसभराचा शीण घेऊन सरळ घरात शिरू नका. पार्किंगमध्ये गाडी बंद केल्यावर पाच मिनिटं तिथेच थांबा, आजचं जे मनात खदखदतंय ते नावानिशी प्रभूला सांगा, मग जिना चढा. आणि चुकल्यावर माफी नीट मागा. ‘तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी’ ही माफी नव्हे, त्यात दोष समोरच्याच्या वाटण्याला दिलेला आहे. ‘मी सगळ्यांसमोर तुझ्यावर ओरडलो. ते चुकलं. मला माफ कर,’ एवढंच म्हणा आणि गप्प बसा. ‘पण तूसुद्धा’ हे शब्द आले की केलेलं सगळं फुकट जातं. मुलांचीही माफी मागा. आई-बाप माफी मागतात हे पाहिलेल्या मुलाला पश्चात्ताप म्हणजे काय ते वेगळं शिकवावं लागत नाही.

रात्रीचा फोन

अश्लील चित्रफितींबद्दल मंडळीत कोणी बोलत नाही, आणि म्हणूनच ते वाढतं. तरुण मुलं, लग्न झालेले पुरुष, बायकाही यात अडकतात. या बाबतीत पवित्र शास्त्राचा सल्ला एका शब्दाचा आहे: पळा. पोटीफरच्या बायकोने धरलं तेव्हा योसेफाने प्रार्थना सुरू केली नाही, वस्त्र तिच्या हातात टाकून तो बाहेर गेला. मन घट्ट करून फोन हातात ठेवणं म्हणजे तिथे उभं राहून तिच्याशी वाद घालणं.

पळणं म्हणजे नेमकं काय, तर रात्री दहाला फोन हॉलमध्ये, टीव्हीच्या बाजूला चार्जिंगला. झोपायच्या खोलीतला चार्जर काढून टाका, नाहीतर तीन दिवसांत फोन परत येतो. उठायला घड्याळाचा गजर. पीजीत किंवा कॉट बेसिसवर राहत असाल आणि हॉलच नसेल, तर फोन कपाटात ठेवून कुलपाची किल्ली खोलीतल्या मित्राला द्या. घरून रात्रपाळी करणाऱ्यांनी पडद्याचं तोंड दाराकडे आणि दार उघडं ठेवावं. फिल्टरचं ॲप घाला, पण पासवर्ड स्वतःला माहीत नसावा. आणि हे एका माणसाला माहीत असू द्या. पुरुषाने पुरुषाला, बाईने बाईला सांगावं. नुसत्या ॲपवर विसंबलेला माणूस पासवर्ड शोधण्यात हुशार होतो.

मंडळीतल्याच घसरणी

पुण्यातले पुष्कळ मराठी ख्रिस्ती लोक मूळचे नगर, जालना, सोलापूरकडचे. सभासदत्व गावच्या मंडळीत, राहणं पिंपरीत किंवा खराडीत. वर्गणी गावाला जाते आणि रविवारी ‘आज कुठे जायचं’ हा प्रश्न सकाळी नऊला पडतो. आज कॅम्पात, पुढच्या रविवारी सोसायटीतल्या कोणाबरोबर दुसरीकडे, तिसऱ्या रविवारी यूट्यूब. सहा महिने गेले तरी एकाही पाळकसाहेबांना तुमचं नाव माहीत नसतं आणि तुम्ही आजारी पडलात तर कोणालाच कळत नाही. तीन महिन्यांची मुदत घ्या, फार तर तीन मंडळ्या बघा आणि एक धरा. गावाशी नातं ठेवा, पण जिथे राहता तिथे पाळकांना जाऊन भेटा, पत्ता द्या, महिन्याभरात एखाद्या घरच्या प्रार्थनेला जा. गायन आवडलं नाही म्हणून मंडळी सोडू नका. वचन विकृत करून सांगितलं जात असेल तर सोडा.

दुसरी घसरण प्रार्थना विनंतीची. ‘अमक्यांच्या मुलीसाठी प्रार्थना करा, तिचं कॉलेजमधल्या कोणाशी तरी चाललंय म्हणे.’ ही चहाडीच आहे, डोळे मिटून केलेली. विनंती सांगण्याआधी एकच गोष्ट पाहा: ज्याच्याबद्दल सांगतोय त्याने सांगायची परवानगी दिली आहे का? नसेल तर ‘एका कुटुंबासाठी प्रार्थना करा’ एवढं पुरतं. देवाला पत्ता सांगावा लागत नाही.

सेवेच्या अतिरेकाबद्दल एवढंच, की डिसेंबर जपा. कॅरलच्या रात्री, नाटकाच्या तालमी, नाताळचा फराळ, वर्षअखेरच्या रात्रीची वॉचनाइट उपासना. तीन आठवडे झोप नाही, वाचन नाही, आणि जानेवारीत कोरडेपणा आला की माणूस विश्वासावरच शंका घेतो. डिसेंबरात वीस मिनिटांची दहा करा, पण बंद करू नका, आणि आठवड्यातली एक रात्र घरी राहा.

शेजार

गणपतीत शेजारच्या काकू प्रसाद घेऊन दारात येतात. इथे दोन्हीकडे घसरण आहे. एकीकडे लाजेने आपली ओळख लपवणं, दुसरीकडे तोंड वाकडं करून त्यांचा अपमान करणं. दुसरं पाप पहिल्याहून लहान नाही. करिंथकरांस पहिल्या पत्रात ८ ते १० हे तीन अध्याय पौलाने या प्रश्नावर खर्च केले आहेत. समोर आलेलं चौकशी न करता खा, पण हे अर्पण केलेलं आहे असं कोणी सांगितलं तर सांगणाऱ्याच्या विवेकासाठी खाऊ नका, असा त्याचा सूर आहे. यावर मंडळ्यामंडळ्यांत वेगवेगळी मतं आहेत, रोमकरांस १४ वाचून घरात आधी बसून ठरवा. दारात उभं राहून ठरवलं की गडबड होते. घ्यायचं नाही असं ठरलं असेल तर हसून, हात जोडून सांगा: ‘काकू, आम्ही प्रसाद घेत नाही, पण तुम्ही आठवणीने आलात, फार बरं वाटलं. आत या, चहा घ्या.’ आणि चहा खरंच करा. नाताळला पहिलं ताट त्यांच्याकडे जाऊ द्या. त्यांच्या घरी आजारपण असेल तेव्हा ससूनच्या रांगेत डबा घेऊन उभे राहिलात, तर तुमचं नाही म्हणणं त्यांना कधी टोचणार नाही.

भविष्यवाणी आणि पैसा

‘प्रभूने मला तुमच्याबद्दल दाखवलं’ असं सांगणाऱ्याला झिडकारू नका आणि लगेच मानूही नका. थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रात पौल दोन्ही सांगतो: संदेश तुच्छ मानू नका, आणि सगळ्याची पारख करा. बिरुयाचे लोक पौलाचंसुद्धा शास्त्रात रोज ताडून पाहत होते. लिहून घ्या, दोन आठवडे थांबा, वचनाशी ताडा, स्वतःच्या पाळकांना दाखवा. थांबू न देणारा, घाई करणारा, घरच्यांना सांगू नका म्हणणारा, किंवा आशीर्वादाबरोबर खात्याचा क्रमांक पाठवणारा माणूस आला की बोलणं तिथेच संपवा. तेल, रुमाल, पाणी विकत घेऊ नका. औषधं बंद करा असं सांगणाऱ्याला पुन्हा घरात बोलावू नका. मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्याने उपवास प्रार्थनासुद्धा डॉक्टरांना विचारूनच करावी. जेवणाऐवजी टीव्हीचा किंवा फोनचा उपवास त्याला चालतो.

पडल्यानंतरचे चोवीस तास

पडल्यावर मनात एक वाक्य येतं: ‘आता कुठल्या तोंडाने प्रार्थना करू? जरा बरा होतो, मग बसतो.’ या ‘जरा’चा महिना होतो, मग वर्ष. पेत्र आणि यहूदा दोघांनीही त्याच रात्री प्रभूला सोडलं आणि दोघांनाही पस्तावा झाला. एक बाहेर जाऊन रडला, पण बाकीच्या शिष्यांत परत आला. दुसरा एकटा गेला.

आतला आवाज कोणाचा ते ओळखायची सोपी खूण आहे. पवित्र आत्मा नेमकं बोट ठेवतो: ‘तू सकाळी बिलाबद्दल खोटं बोललास, जाऊन सांग.’ दोष लावणारा सैतान मोघम बोलतो: ‘तू असलाच. तुझं काही खरं नाही.’ पहिल्यात पुढे करायचं काम असतं, दुसऱ्यात नसतं.

म्हणून जागेवरच, शक्य तर त्याच तासात, पापाचं खरं नाव घेऊन कबूल करा. ‘काही चुकलं असेल तर क्षमा कर’ ही कबुली नाही. योहानाच्या पहिल्या पत्राच्या पहिल्या अध्यायातलं नववं वचन मोठ्याने वाचा आणि त्यावर विश्वास ठेवून उठा. त्याच पापाची दहा वेळा क्षमा मागत बसू नका. पैसा किंवा माणूस गुंतला असेल तर परतफेड त्याच आठवड्यात करा. कॅथलिक असाल तर शनिवारची वाट न बघता फादरांना फोन करून पापकबुलीला जा. आणि चोवीस तासांच्या आत त्या एका माणसाला सांगा. दुसऱ्या दिवशी सकाळी वीस मिनिटं नेहमीच्याच वेळी, नेहमीच्याच खुर्चीत बसा. मन सुन्न असेल तर स्तोत्र ५१ नुसतं वाचा.

प्रभुभोजन टाळणाऱ्यांनी करिंथकरांस पहिल्या पत्राचा ११ वा अध्याय पुन्हा वाचावा. माणसाने स्वतःची परीक्षा करावी आणि मग त्या भाकरीतून खावं, असं तिथे लिहिलं आहे. परीक्षा करून मागच्या बाकावरून निघून जावं, असं लिहिलेलं नाही.

दोन आठवडे झोप लागत नाही, कशातच गोडी वाटत नाही, जगून काय उपयोग असं येतं, तर ते पाप समजून उपवास वाढवू नका. पाळकांना सांगा आणि मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. जीव द्यायचे विचार येत असतील तर दोन आठवडे थांबूही नका, त्याच दिवशी जा, सोबत कोणाला तरी घेऊन.

तो ‘एक माणूस’ कसा निवडायचा? बरोबरीचा, तुमच्याहून थोडा पुढे चाललेला, आणि दुसऱ्याच्या गोष्टी तुम्हाला कधीच न सांगितलेला. दर आठवड्याला ठरलेल्या वारी चाळीस मिनिटं भेटा, बागेत किंवा चालता चालता. तीनच प्रश्न: काय वाचलंस? कुठे घसरलास? कोणाशी बोलणं बंद आहे?

आणि तो माणूस तुम्ही असाल तर समोरचा बोलत असताना दचकू नका. गलतीकरांस सहाव्या अध्यायात ‘सौम्य वृत्तीने’ असं म्हटलंय. बोलू द्या, मध्ये वचनं फेकू नका, शेवटी त्याच्यासमोरच छोटी प्रार्थना करा. घरी बायकोला किंवा नवऱ्याला ‘प्रार्थनेसाठी’ म्हणूनसुद्धा सांगू नका. दोन दिवसांनी, त्याच्या वहीतल्या त्या वाईट वेळेच्या तासभर आधी फोन करा, आणि पहिलं हेच विचारा, की जेवलास का.